पारवा धूर

आमच्या भाऊजींची बस धूर सोडत नाही. ही माहिती मी कुणाकडे मागितली नव्हती. आमच्या घरात ती हवामानाच्या बातमीसारखी रोज आपोआप कानावर पडते. भाऊजी म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे नात्याने माझे साडू. साडू हे नातं कुणी शोधून काढलं त्याला एकदा भेटायचं आहे. भाऊ असला तर त्याच्याशी भांडता येतं, मित्र असला तर सोडता येतो, शेजारी असला तर घर बदलता येतं. साडू फक्त तुलनेला असतो, आणि ती तुलना आपल्या वतीने आपली बायको करते.

मी बस का घेतली, असं लोक विचारतात. "निवृत्तीनंतर काहीतरी उद्योग हवा" असं मी सांगतो. भाऊजींनी घेतली म्हणून घेतली, हे उत्तर चारचौघांत देता येत नाही. त्यांची नवी कोरी, माझी कुठल्यातरी आवारात बरेच दिवस उभी असलेली. त्यांच्या बसच्या सीटा मागे जातात, माझ्या बसच्या सीटा माणसाला ताठ बसायला शिकवतात. एका बाबतीत मात्र मी पुढे होतो. भाऊजींना बस चालवता येत नाही. मी या वयात जड वाहनाचं लायसन काढलं, तेसुद्धा दुसऱ्या खेपेत. पण ही एकुलती एक आघाडीही बायकोने मोडून काढली. "भाऊजींना गरजच काय चालवायची? त्यांच्याकडे माणूस आहे," ती म्हणाली.

तर गावाबाहेरच्या एका कारखान्याला कामगारांची ने-आण करायला बस हवी होती. एकच. अर्ज दोनच आले, भाऊजींचा आणि माझा. तिथल्या अधिकारी मॅडमना धुराचा भारी त्रास. त्यांनी सरळ सांगितलं, "दोन्ही गाड्या तीन आठवड्यांनी सोमवारी सकाळी गेटवर आणा. येताना धुराचा दाखला आणा, आणि मी स्वतः मागे उभी राहून बघणार आहे. धूर दिसला की गाडी बाद."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "हे काम नाही मिळालं तर बस दारात ठेवून काय करायचं? भाऊजींना विकून टाकू. ते नीट सांभाळतील."

माझी बस भाऊजी सांभाळणार. मी जेवताना घास हातात धरून बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसलो. कंत्राट गेलं असतं तर मी ते सोसलं असतं, पण माझ्या बसला धुऊन-पुसून, सीटा बदलून भाऊजी आमच्या दारावरून नेणार आणि बायको खिडकीतून "आता कशी छान दिसते" म्हणणार, हे मला सोसण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत बस सुरू केली. तोवर मी ती फक्त मोकळ्या रस्त्यावर चालवली होती आणि मागे काय चाललंय ते बघितलं नव्हतं. चालवणारा पुढे बघतो. गल्लीत मात्र मागचं सगळं पुढे आलं. तळमजल्यावरच्या काकू वाळत घातलेली पांढरी चादर घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.  चादर फक्त उलगडून दाखवली आणि पुन्हा घडी करून माझ्या हातात दिली, म्हणजे आता ती मी धुवायची.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "धूर म्हणजे अपूर्ण ज्वलन. आठवीला आहे हे." आठवीला असलेली गोष्ट मला येत नाही म्हणून ते जरा वेळ माझ्याकडे खेदाने बघत राहिले. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर म्हणाला, "वरवर साफ करून उपयोग नाही, मुळापासून काढावं लागेल." काय काढायचं ते त्याने सांगितलं नाही, पण माझा हात आपोआप गालाकडे गेला. काकूंचा सल्ला सगळ्यात सोपा होता. बस दुसरीकडे लावा.

मी मेस्त्रीला फोन करायचं ठरवलं. हा मेस्त्री डिझेल इंजिनांचा मोठा जाणकार म्हणून ओळखला जातो. त्याची ओळख करून देणाऱ्यांत तो स्वतः सगळ्यात पुढे असतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, धुराचा रंग कुठला. रंगावर सगळं असतं म्हणे. काळा असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी, निळा असेल तर आतलं ऑइल जळतंय, पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर येतंय किंवा पाणी शिरलंय. म्हणून फोन करण्याआधी मी बस पुन्हा सुरू केली आणि घरच्यांना मागे उभं केलं. घरचे म्हणजे बायको.

"काळा," मी म्हणालो.

"काळा कुठे? निळसर आहे," मुख्याध्यापक न बोलावता म्हणाले.

बायकोने मान तिरकी करून बघितलं. ती लोकरीच्या दुकानात काउंटरवर असते. जगात तुम्हाआम्हाला जिथे सात-आठ रंग दिसतात तिथे तिला पूर्ण भिंत दिसते. शेवाळी, बदामी, अबोली, मोरपंखी, राखी, गुलबक्षी. आमच्या भिंतीचा रंग पिवळा आहे असं मी एकदा म्हणालो तर ती दोन दिवस हसत होती.

"पारवा आहे," ती म्हणाली. "काळा नाही नि निळा नाही. स्वच्छ पारवा."

स्वच्छ हा शब्द त्या धुराला मी वापरला नसता, पण रंगाच्या बाबतीत घरात तिचा निकाल अखेरचा. मी फोन लावला. पलीकडे हातोडे पडत होते, इकडे बस धडधडत होती.

"रंग कुठला?" मेस्त्री ओरडला.

"पारवा."

"परवा? आणि आज?"

"आजही पारवाच."

"आज परवा कसा असेल? आज आज असतो."

"अहो, पारवा. काल होता, आज आहे, उद्याही राहील."

"बरं बरं, समजलं. परवा येतो." फोन बंद.

आणि शब्दाला जागून तो परवा आला. मधले दिवस मी बस झाकून ठेवली आणि काकूंची चादर दोनदा धुतली. आल्यावर मेस्त्री म्हणाला, "परवा होता ना धूर? बघू आज आहे का." आज होता. त्याने तो तळहातावर घेतला, वास घेतला आणि म्हणाला, "निळा. ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खाली उतरवावं लागेल."

"पण बायको पारवा म्हणते."

"साहेब, धुरात तीन रंग. पारवा धूर मी जन्मात ऐकला नाही."

दुसरं मत घ्यावं म्हणून मी डिझेल पंपवाल्याला बोलावलं. तो डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करतो. त्याने धुराकडे बघितलं आणि म्हणाला, "काळा. पंप खोलावा लागेल, नोझल बदलावे लागतील." रिंगा विकणाऱ्याला निळा दिसतो, नोझल विकणाऱ्याला काळा दिसतो. मुख्याध्यापकांना त्यात अपूर्ण ज्वलन दिसतं आणि काकूंना चादर दिसते. मला मात्र त्या धुरात दर वेळी भाऊजी दिसायचे, इस्त्रीच्या शर्टात.

शेवटी मी मन मोठं केलं आणि भाऊजींच्या बसमध्ये काय वेगळं आहे ते बघायला गेलो. त्यांना न सांगता. दुपारी त्यांची बस फेरी करून आली होती, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून पाणी प्यायला गेला होता. मी मागे जाऊन धुराड्यापुढे पांढरा रुमाल धरला. रुमाल पांढराच राहिला. मी जवळ धरला, आणखी जवळ धरला, गुडघ्यावर बसून धुराड्यात तोंड घालून बघितलं. इतका साफ धूर बघून माझ्या पोटात जळलं. माझं जळणं मात्र पूर्ण होतं, त्याबद्दल आठवीच्या पुस्तकाची तक्रार नसावी.

"साडूबुवा?" मागून भाऊजींचा आवाज आला. "काय शोधताय?"

"काही नाही. रुमाल पडला होता."

रुमाल माझ्या हातात होता. भाऊजींनी तो बघितला, पण दाखवलं नाही. त्यांचा हाच मोठेपणा मला सहन होत नाही. त्यांनी मला घरात नेलं, चहा दिला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या गाडीला धुराची सवयच नाही हो. काही अडलं तर सांगा." चहा चांगला होता. आमच्याकडे होतो त्यापेक्षा चांगला होता, आणि हे मी घरी सांगितलं नाही.

एवढं होऊनही मी धुराच्या दाखल्याला गेलो. तिथे गाडी नापास होणार हे ठरलेलंच होतं, झाली. पण नापास होण्यातही शिस्त असते हे मला माहीत नव्हतं. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "फेरतपासणीसाठी धुराचा रंग नोंदवावा लागेल. काळा, निळा की पांढरा?"

"पारवा."

त्याने कॉम्प्युटरकडे बघितलं. "तीनच आहेत. पारवा नाही."

"मग जवळचा टाका."

"जवळचा कुठला?"

यावर खिडकीमागच्या लोकांत एकमत होईना. एक म्हणाला पारवा म्हणजे राखाडी, दुसरा म्हणाला पारवा म्हणजे जांभळ्याच्या अलीकडचा. तिसऱ्याने सांगितलं, नमुना आणा. मी घरी येऊन हे सांगितलं तर बायकोने शांतपणे दुकानातून लोकरीचा एक गुंडा आणून दिला. दुसऱ्या दिवशी मी हातात पारवा लोकरीचा गुंडा घेऊन धूर तपासणीच्या रांगेत उभा राहिलो. पुढच्या ट्रकवाल्याने विचारलं, "स्वेटर कुणाला?" मी गुंडा पाठीमागे धरला. कारकुनाने गुंडा उजेडात धरला, हलवून बघितला आणि म्हणाला, "यात काळाही आहे नि निळाही आहे. दोन रंग नोंदवता येत नाहीत. गाडीतला दोष एक ठरवून या."

घरी येताना हेच वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. यात काळाही आहे नि निळाही आहे. मेस्त्री खोटा नव्हता, पंपवालाही खोटा नव्हता. दोघांना आपापला अर्धा धूर दिसला होता. मी आधी पंपवाल्याला फोन केला.

"तुमचा पंप आणि नोझल सोडले तर काळा धूर आणखी कशाने होतो?"

तो जरा नाराज झाला. "हवा अडली तर होतो. पण तुमचा फिल्टर साफ आहे, मी बघितलाय."

मग मेस्त्रीला. "रिंगा सोडून निळा कशाने?"

"टर्बोने ऑइल ओढलं तर." टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, हे मला एव्हाना पाठ झालं होतं.

"पण तो ऑइल का ओढेल?"

"पुढून हवा मिळाली नाही की मागून ऑइल ओढतो. माणसाचंही तसंच असतं साहेब."

माणसाचं मी नंतर बघणार होतो. हवाच अडली होती. फिल्टर साफ होता, म्हणजे ती फिल्टरच्याही आधी अडली होती. हे मी माझ्या डोक्याने, कुणाचीही मदत न घेता शोधून काढलं, आणि ही गोष्ट मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो, कारण पुढे ती कुणीच लक्षात ठेवली नाही.

मेस्त्री आला. इंजिनाला हवा नेणारा एक जाड नळ बसच्या मागच्या बाजूने टपापर्यंत गेला होता. त्याने तो खोलला, आत हात घातला आणि काड्या बाहेर काढायला लागला. काड्या, तारेचे तुकडे, सुतळी, पिसं आणि अंड्याचं अर्धं कवच. बस ज्या आवारात उभी होती तिथे एका पक्ष्याने नळात संसार मांडला होता. मेस्त्रीने एक पीस उचलून उजेडात धरलं. करडं, कडेला निळसर झाक. तो त्या पिसाकडे बघत राहिला, मग वळून माझ्या बायकोकडे बघितलं.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही पहिल्या दिवशी फोनवर सांगितलंत. पारवा. आणि मी परवा समजलो."

"अहो, तिने रंग सांगितला होता," मी म्हणालो.

"धुरावरून पक्षी ओळखला," मेस्त्री म्हणाला.  "तीस वर्षं धंद्यात आहे मी. आम्हाला धुरावरून बिघडलेला सिलिंडर ओळखता येत नाही, वहिनींनी पक्षी ओळखला."

"आणि फोन मी केला होता," मी म्हणालो. "हवा अडली आहे हेसुद्धा मीच..."

पण तोवर मुख्याध्यापक आले होते, काकू आल्या होत्या, दाताचा डॉक्टर जिन्यात उभा होता. ते पीस हातोहात फिरलं. बायको म्हणाली, "मी आपलं रंग बघून म्हटलं हो," आणि तिच्या या नम्रतेने तर सगळे आणखीच थक्क झाले. संध्याकाळपर्यंत बातमी बायकोच्या ताईकडे गेली, तिथून भाऊजींकडे. भाऊजींचा फोन आला तो माझ्यासाठी नव्हता.

आतापर्यंत माझा मत्सर एका माणसापुरता होता, त्याला वळण होतं, शिस्त होती. आता तो घरातच राहायला आला. दुकानात गिऱ्हाइकं बायकोला स्कूटरचा धूर दाखवायला लागली. धूर तपासणीच्या कारकुनाने दाखला देताना विचारलं, "त्या पक्षी ओळखणाऱ्या बाईंचे मिस्टर का आपण?" मी हो म्हणालो. नाही म्हणता येत नव्हतं, दाखला माझ्या नावावर होता. मग मी चिडून इंजिनांवरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि धुराचे तिन्ही रंग कारणांसकट पाठ केले. मला कुणीच काही विचारलं नाही.

ठरलेल्या सोमवारी सकाळी हवा बोचरी होती. मी लवकर उठून बस सुरू केली, गावभर फिरवून तापवली आणि बायकोला घेऊन कारखान्याच्या गेटवर आलो. भाऊजींची बस तिथे आधीच उभी होती. पहिला नंबर लागावा म्हणून त्यांनी ती आदल्या संध्याकाळीच आणून लावली होती आणि रात्रभर ती उघड्यावर गारठली होती. मी स्वतः गाडी चालवतो हे मॅडमना आवडलंय असं भाऊजींच्या कानावर गेलं असावं, कारण ड्रायव्हरला घरी ठेवून आज ते स्वतः स्टिअरिंगवर बसले होते. चालवता येत नसलं तरी चावी फिरवता येत होती.

मॅडम नाकाला रुमाल लावून आल्या. आधी माझी बस. मी पाय दाबला, इंजिन गरजलं, मागे काही नाही. मॅडमनी रुमाल खाली घेतला. "छान," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत मला उद्देशून उच्चारलेला हा पहिला चांगला शब्द होता.

मग भाऊजींनी चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. तो पहारेकऱ्याच्या खोलीत शिरला, तिथून पहारेकरी बाहेर आला. मॅडम चार पावलं मागे सरकल्या. भाऊजी खाली उतरले. त्यांचा चेहरा धुराच्याच रंगाचा झाला होता.

"असं कधीच होत नाही हो," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. गाडी सुरू होताना ते कधी हजर नसतात, ती तापून दारात आल्यावर ते घराबाहेर पडतात.

"मग पहिलीच गाडी..." मॅडम म्हणायला लागल्या.

मी जिंकलो होतो. भाऊजी वळले. त्यांची नजर माझ्यावरून, माझ्या खांद्यावरून पुढे गेली आणि बायकोवर थांबली. "मेहुणीबाई," ते म्हणाले, "तुला धुरातलं कळतं. तूच सांग, काय झालंय गाडीला?"

मॅडमही तिच्याकडे बघायला लागल्या, पहारेकरीही. बायकोने धुराकडे बघितलं. मग अंगावरची शाल नीट केली. मग पुन्हा बघितलं. ती आता बोलणार, पुन्हा तिचंच नाव होणार, पुन्हा सगळे थक्क होणार आणि तिन्ही रंग पाठ असलेला माणूस बाजूला उभा राहणार. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

"हा पांढरा," मी म्हणालो. "गार इंजिनाचा. रात्रभर थंडीत उभं राहिलं की सुरुवातीला डिझेल पूर्ण जळत नाही, ते असं बाहेर येतं. पाणी शिरलं असतं तर धूर गोडसर वासाचा आला असता, आणि तापल्यावरही थांबला नसता. हा थांबेल. बघत राहा."

मी आणखीही पुष्कळ बोललो. माझ्या बोलण्याबरोबर धूर विरळ होत गेला, जणू मी सांगतोय म्हणून. माझं संपेपर्यंत तो पूर्ण गेला होता. पहारेकरी मान डोलावत होता.

"म्हणजे गाडीत काही दोष नाही?" मॅडमनी मला विचारलं. मलाच.

"अजिबात नाही," मी म्हणालो. "गाडी उत्तम आहे."

"मग तो धूर मी धरत नाही," म्हणत मॅडम दोन्ही बसमध्ये चढून बसून आल्या. भाऊजींच्या सीटा मागे गेल्या. काम त्यांना मिळालं.

भाऊजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "साडूबुवा, तुमच्यामुळे झालं. आता तुमची गाडी कशाला अडकवून ठेवता? मी घेतो ती. नीट सांभाळीन." मी बायकोकडे बघितलं. हे वाक्य तिचंच होतं, आता तिने फक्त हो म्हणायचं होतं.

"नको भाऊजी," ती म्हणाली. "बस विकायची नाही."

"अगं, पण काम कुठे आहे?"

"मिळेल. धूर नाही आता तिला."

परतताना पूर्ण रिकाम्या बसमध्ये ती माझ्या मागच्याच सीटवर बसली.  मग मीच विचारलं, "तुला उत्तर माहीत होतं?"

"पांढरा आहे हे आंधळ्यालाही दिसत होतं. आणि तुम्ही आठवडाभर ते पुस्तक मोठ्याने वाचत होतात, माझ्या कानात कापूस नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"कारण दोन मिनिटांत मॅडम तुमचं नाव घेणार होत्या. ताईच्या नवऱ्याला मी मुद्दाम उत्तर देत नव्हते. जन्मात पहिल्यांदा."

मी गाडी जरा हळू केली. पुढचं काही नीट दिसत नव्हतं.

"तुम्ही मला बोलू देत नाही, हे लग्नापासून माहीत होतं," ती म्हणाली. "गप्पही बसू देत नाही, हे आज कळलं."

भाऊजींकडे काम आहे, ड्रायव्हर आहे, मागे जाणाऱ्या सीटा आहेत. पण त्यांच्यासाठी कुणी असं गप्प बसलं असेल असं मला वाटत नाही. हे मी तिला सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, आता तरी गप्प बसा. मी बसलो.